साखर पिकविणाऱ्याच्या घरात साखरेचा आजार

— ऊस विकास अधिकारी



दर अंकात मी लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट आणि हुमणी यांवर लिहीत असतो. या वेळचा विषय जरा निराळा आहे. साखर तीच, पण पोत्यातली नव्हे, रक्तातली. साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखरेच्या आजारावर लेख कशाला, असे कुणी म्हणेल. मला तर वाटते, दुसरीकडे कुठे नसला तरी चालेल, पण इथे हा लेख पाहिजेच.

गेल्या हंगामात एका गटात ऊसपाहणीला गेलो होतो. आपले एक जुने सभासद बांधावर भेटले. चालताना पाय ओढत होते. पायाला फडके गुंडाळलेले. मी म्हटले, "तात्या, काय झालं पायाला?"

"काही नाही साहेब, खोडकी घुसली. पंधरा दिवस झाले. दुखत तर नाहीच."

"दुखत नाही? दाखवा बरं."

फडके सोडले तर अंगठा काळा पडलेला. जखम एवढी, आणि दुखत नाही! मी विचारले, "शुगर आहे का तात्या?"

"आहे ना. पण साखर सोडली की मी. सात वर्षं झाली. चहा गुळाचाच पितो."

तात्यांची दोन बोटे काढावी लागली. पाय वाचला, हे नशीब. पण दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जाईनात. एक, ती न दुखणारी जखम. दुसरी, तो गुळाचा चहा. पुढे दोन महिन्यांनी एका तपासणी शिबिरात सहज म्हणून मी हात पुढे केला, तर माझीच उपाशीपोटीची साखर १३८ निघाली. पुन्हा तपासली, तरी तेच. वय चाळीशीतले, रोज फडात फिरणे, अंगावर फार चरबी नाही. तरीही. मग मी डॉक्टरांना विचारून, मिळेल ते वाचून हा आजार समजून घेतला. जे समजले ते आपल्या भाषेत सांगतो.

कारखाना कुठे आहे

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यात पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले असतात, नदीपात्रात बेटे असावीत तसे. जर्मनीतल्या पॉल लँगरहॅन्सने ते १८६९ साली प्रथम पाहिले, म्हणून त्यांना लँगरहॅन्सची बेटे म्हणतात. अशी सुमारे दहा लाख बेटे असतात, पण सगळ्यांचे वजन मिळून स्वादुपिंडाच्या शंभरात एक-दोन भागच भरते. त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी हे इन्सुलिन वेगळे काढले आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मुलाला टोचले गेले.

इन्सुलिनचे काम काय? आपल्या यार्डात उसाच्या गाड्या उभ्या असतात. काट्यावर वजन होऊन पावती मिळाल्याशिवाय गाडी गव्हाणीकडे जात नाही. रक्तातली साखर म्हणजे या गाड्या आणि इन्सुलिन म्हणजे पावती. पावती असली की साखर स्नायूंत शिरते आणि कामाला लागते. पावत्या कमी पडल्या, किंवा गव्हाणीवरचा माणूस पावती बघूनही गाडी घेईना, तर यार्ड तुंबते. तुंबलेले यार्ड म्हणजेच मधुमेह.

लहान मुलांत आणि तरुणांत बहुधा दिसणारा एक प्रकार आहे, त्यात शरीराची संरक्षण यंत्रणाच बीटा पेशींवर उलटते. तिथे इन्सुलिन टोचण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्याकडे मोठ्या माणसांत दिसतो तो बहुतांशी दुसरा प्रकार. आधी स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात. मग बीटा पेशी जादा पावत्या फाडतात, रात्रंदिवस राबतात आणि शेवटी थकतात. इंग्लंडमध्ये १९७७ पासून वीस वर्षे चाललेल्या मोठ्या पाहणीत असा अंदाज निघाला की, आजाराचे निदान होते त्या दिवशीच बीटा पेशींची निम्मी ताकद संपलेली असते. म्हणजे आपण तपासायला जातो तेव्हा निम्मा फड आधीच जळालेला असतो.

थकतात म्हणजे नेमके काय होते

लोखंडाला गंज चढतो, कापलेल्या उसाचे तोंड लाल-काळे पडते, उघडे ठेवलेले तेल खवट होते. या सगळ्यांत हवेतला प्राणवायू भाग घेतो. ज्या प्राणवायूवर आपण जगतो, तोच काही रूपांत जाळपोळही करतो.

प्रत्येक पेशीत सूक्ष्म बॉयलर असतात. त्यांत साखर जळते आणि शक्ती मिळते. कारखान्याच्या बॉयलरात बगॅस जळताना ठिणग्या उडतात, तशा पेशीच्या बॉयलरातूनही उडतात. प्राणवायूचे काही रेणू अर्धवट जळून बाहेर पडतात. ते फार तापट असतात. जो दिसेल त्याला चावतात, मग ती पेशीची भिंत असो की आतली प्रथिने असोत. अशा ठिणग्या प्रमाणाबाहेर झाल्या की त्याला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

शरीराने त्यावर बंदोबस्तही केला आहे. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज नावाचे विकर त्या ठिणगीचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. ते काही कमी जहाल नाही, म्हणून पुढे कॅटॅलेज आणि ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज ही दोन विकरे त्याचे साधे पाणी करून टाकतात. हे कोणाला परके वाटायला नको. तुमच्या उसाच्या पानातही हीच विकरे असतात. पाण्याचा ताण पडला की पानाची छिद्रे मिटतात, ऊन मात्र थांबत नाही. मग पानात ठिणग्या उडू लागतात आणि या विकरांची धावपळ सुरू होते. ताण लांबला की ती कमी पडतात आणि पान शेंड्याकडून करपते. बीड जिल्ह्यात दुष्काळ पाहिलेल्या माणसाला ताण म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. यकृतात ही आग विझविणारी विकरे भरपूर असतात. बीटा पेशीत मात्र कॅटॅलेज आणि ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज फारच थोडे असतात. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या लेन्झेन यांच्या गटाने १९९६ साली उंदरांवर हे मोजून दाखविले. म्हणजे सर्वांत जास्त भट्टी पेटवणाऱ्या खात्यात अग्निशामक बादल्याच कमी! आणि या पेशीची दुसरी अडचण अशी की, रक्तात साखर किती आहे हे तिला ती साखर स्वतः जाळूनच कळते. त्यामुळे तिचे दार साखरेला सदा उघडे. रक्तात साखर वाढली की तिच्या बॉयलरात बगॅस पडतच राहतो, तिला नको म्हणता येत नाही.

मग चक्र सुरू होते. साखर वाढते, ठिणग्या वाढतात, इन्सुलिन तयार करण्याची यंत्रणा मंदावते, इन्सुलिन कमी पडते, म्हणून साखर आणखी वाढते. पाण्याअभावी ऊस सुकतो आणि सुकला म्हणून त्याची मुळेही पाणी ओढीनाशी होतात, तसे हे आहे.

मग बादल्या वाढविता येतील का

या प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रातच काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या स्वादुपिंडातली बेटे काचपात्रात जगवून प्रयोग केले. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचे एक द्रव्य बीटा पेशींना मारते. भोंडे यांच्या गटाने बेटांना आधी हळदीतले कुर्कुमिन दिले आणि मग हे विष घातले. कुर्कुमिन दिलेली बेटे बरीच वाचली, ठिणग्यांचे प्रमाण कमी राहिले. हे काम २००७ साली प्रसिद्ध झाले.

दुसरे काम पुणे विद्यापीठातले. प्राणिशास्त्र विभागाच्या डॉ. सरोज घासकडबी आणि आयसर संस्थेचे डॉ. प्रणय गोयल यांच्या गटाने माणसांवर पाहणी केली. ग्लुटाथिओन हा पेशीतला मोठा रक्षक. तीन अमिनो आम्लांची ही छोटी साखळी शरीर स्वतःच तयार करते. मधुमेह्यांच्या रक्तात ती कमी आढळते. या गटाने सुमारे २५० मधुमेह्यांपैकी काहींना नेहमीच्या औषधांबरोबर रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथिओन सहा महिने दिले, बाकीच्यांना नेहमीचीच औषधे चालू ठेवली. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना ग्लुटाथिओन दिले त्यांच्या रक्तात ते वाढले आणि पेशीतल्या गुणसूत्रद्रव्याची नासधूस कमी झाल्याचे दिसले. ५५ वर्षांपुढील रुग्णांत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, तीही उतरली.

आता हे वाचून कोणी लगेच मेडिकलवर धावू नका. एका प्लॉटवर उतारा चांगला आला म्हणून आपण सगळ्या कार्यक्षेत्राला नवी जात देतो का? नाही. चार ठिकाणी, चार हंगाम, वेगवेगळ्या जमिनींत चाचणी घेतो. को. ८६०३२ उगाच टिकली नाही. हळदीचे कुर्कुमिन काचपात्रात काम करते, पण तोंडाने घेतले तर आतड्यातून रक्तात फारच थोडे पोचते. ग्लुटाथिओनची पाहणी चांगली आहे, पण ती एकट्याने पुरेशी नाही.

आणि उलट बाजूही ऐका. इंग्लंडमध्ये वीस हजारांहून अधिक लोकांना, ज्यांत हृदयविकाराचे आणि मधुमेहाचे रुग्ण होते, पाच वर्षे ई, क आणि बीटा-कॅरोटीन ही जीवनसत्त्वे किंवा दिसायला तशीच रिकामी गोळी देऊन पाहिली. २००२ साली निकाल आला : जीवनसत्त्वांचा काही फायदा नाही. फिनलंडमध्ये तर विडीकाडी ओढणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिले, तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी वाढला. हे १९९४ साली उघड झाले. कारण असे दिसते की ठिणगी सगळीच वाईट नसते. थोडी ठिणगी बीटा पेशीला इन्सुलिन सोडण्याचा इशाराही देते. युरिया चांगला म्हणून दसपट टाकला तर ऊस लोळतो. तसेच हे.

म्हणून बाजारात "शुगर मुळापासून बरी" म्हणून पुड्या आणि बाटल्या विकणारा कोणी दारात आला, तर त्याला एकच प्रश्न विचारा : याची चाचणी कुठे, किती माणसांवर झाली? आणि कोणाच्याही सांगण्यावरून डॉक्टरांची गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नका.

खरा उपाय : भट्टीत जळण कमी घाला

बादल्या वाढविण्यापेक्षा भट्टीवरचा बोजा कमी करणे सोपे आणि खात्रीचे. पुण्याच्याच गटाने २०१४ साली नव्याने मधुमेह निघालेल्या रुग्णांवर आठ आठवडे लक्ष ठेवले होते. औषधाने साखर उतरत गेली, तशी रक्तातली संरक्षणशक्तीही सुधारत गेली. म्हणजे साखर आटोक्यात ठेवणे हेच मोठे ऑक्सिडीकरणविरोधी औषध. सगळ्या थकलेल्या बीटा पेशी मेलेल्या नसतात, काही नुसत्या सुस्त पडलेल्या असतात. २०१७ साली ब्रिटनमधल्या पाहणीत आजार सहा वर्षांच्या आतला असलेल्या जाड रुग्णांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरविले, तेव्हा वर्षभराने जवळजवळ निम्म्यांची साखर औषधाशिवाय मर्यादेत आली. खोडव्याची मुळे जिवंत असतील तोवर फुटवा येतो. वेळ गेल्यावर मात्र कितीही खत घाला.

आपल्यासाठी काही रोखठोक गोष्टी लिहितो.

गूळ. गूळ ही साखरच आहे. शंभर भाग गुळात ६५ ते ८५ भाग सुक्रोज असते आणि वर काही इन्व्हर्ट शुगर. थोडे लोह आणि इतर द्रव्ये असतात हे खरे, पण तेवढ्याने रक्तातली साखर वाढायची थांबत नाही. तात्यांनी सात वर्षे साखर सोडली नव्हती, फक्त तिचा रंग बदलला होता.

रस. तुम्हाला ब्रिक्स आणि पोल मी सांगावे असे नाही. पोल १५ धरला तरी पाव लिटरच्या ग्लासात चाळीस ग्रॅमच्या आसपास साखर झाली, म्हणजे आठ चमचे. मधुमेह्याने गुऱ्हाळावर आग्रहाला बळी पडू नये. आपल्या बालाघाटातल्या सीताफळाचेही तेच, चव घ्या, टोपली पुढे घेऊन बसू नका.

भाकरी. ज्वारीची आणि बाजरीची भाकरी चांगली, पण चार-चार नव्हे. ताटात पालेभाजी, डाळ, मटकी, शेंगदाण्याची चटणी, जवस यांचा वाटा वाढवा. पेरू, आवळा, कढीपत्ता यांतली संरक्षक द्रव्ये अन्नातून मिळालेली बरी. हळद फोडणीत आहेच, ती तशीच राहू द्या.

तंबाखू. मिश्री, तंबाखू, विडी. बंद. विडीच्या धुरातून तर ठिणग्यांचा पाऊसच पडतो, आणि तंबाखूने रक्तवाहिन्याही खराब होतात.

पाय. मधुमेहाने नसा बधिर होतात, म्हणून जखम कळत नाही. अनवाणी फडात जाऊ नका. रोज रात्री तळपाय कंदिलाच्या नाही तर मोबाईलच्या उजेडात पाहा. आपल्याला दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगा.

तोडणीवाल्या भावा-बहिणींसाठी

आपल्या जिल्ह्यातून दर दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबे कोयता घेऊन परमुलखात जातात. सभासदांतही अनेकांच्या घरचे जातात. त्यांना सांगायचे ते असे. निघण्यापूर्वी साखर तपासा आणि पुरेशी औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. इन्सुलिन घेत असाल तर कोपीत फ्रीज नसतो. बाटली प्लास्टिकच्या बंद डबीत घालून ती डबी पाण्याच्या माठात किंवा ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवावी. उन्हात, चुलीजवळ ठेवू नये. पहाटे गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी फडात उतरू नये. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर उतरली असे समजावे आणि लगेच गूळ किंवा साखर तोंडात टाकावी. तेवढ्या वेळेला तीच औषध. म्हणून कनवटीला खडा असू द्या.

एक गोष्ट बायांच्या बाबतीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर बायांची आणि त्यांच्या बाळांची पाहणी केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली साडेतीन किलोची. आपले बाळ दिसायला बारीक, पण त्याच्या अंगात मांस कमी आणि चरबी मात्र टिकून. हेच पुढे मधुमेहाकडे झुकण्याचे एक कारण. आता माझ्यासारख्या सडपातळ माणसालाही साखर का निघाली, याचा उलगडा होतो. फडात मोळ्या वाहणाऱ्या गरोदर सुनेच्या ताटात डाळ, दूध, भाजी पडली पाहिजे. बेणे कसदार नसेल तर पुढे कितीही खत घालून उपयोग नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तपासणी

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींवर लोक उंबरठ्यावर आहेत. तेव्हा तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने तपासावे. उपाशीपोटी १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा जास्त दोनदा आली तर मधुमेह. एचबीए१सी साडेसहा किंवा जास्त, तरी तेच. प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात तपासणी होते. गुंतागुंत असेल तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आपल्याला जवळ आहे.

माती परीक्षण करा म्हणून मी वर्षानुवर्षे तुमच्या मागे लागतो. तुम्ही म्हणता, "साहेब, जमीन दिसतीये की काळीभोर." आणि नमुना तपासला की क्षार वाढलेले निघतात. माझेही तसेच झाले. वरून अंग ठीक, आत क्षार. आता सकाळी चार किलोमीटर चालतो, गोळी वेळेवर घेतो, गुळाचा चहासुद्धा सोडला. पहिले पंधरा दिवस जड गेले. शेवटच्या तपासणीत उपाशीपोटीची १०८ निघाली. उंबरठ्यावर आहे, पण पाऊल मागे घेतले आहे.

तात्या परवा गट ऑफिसला आले होते. पायात बूट होते. म्हणाले, "साहेब, आता नात रोज पाय बघती. बॅटरी घेऊन बसती." मी म्हटले, "तात्या, तिचं ऐका. माझं नाही ऐकलं तरी चालेल."

ऊस वेळेवर तोडला तर रिकव्हरी मिळते आणि आजार वेळेवर धरला तर माणूस मिळतो. पुढच्या अंकात खोडवा व्यवस्थापनावर लिहीन. तोपर्यंत तुम्ही साखर तपासून घ्या. कळावे.